हृदयरोगांचे धन्वंतरी डॉ. रुस्तुम जाल वकील

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दर वर्षी कोणा ना कोणा थोर व्यक्तीचे चरित्र येते. आजवर जिजामाता झाल्या, सावित्रीबाई झाल्या, रमाबाई रानडे झाल्या. यंदा ते काम अध्यक्षाबाईंनी माझ्याकडे सोपविले. माझे शिक्षण सातवीपर्यंत झालेले, आणि लिहिण्याची सवय म्हणाल तर वाण्याच्या यादीपुरती. परंतु विषय मात्र मी माझ्या मनाने निवडला. गेल्या पावसाळ्यात मंडळात रक्तदाब तपासणीचे शिबिर झाले, त्या वेळी आलेल्या डॉक्टरीणबाईंनी बोलता बोलता एक नाव घेतले, डॉ. रुस्तुम जाल वकील. आपल्यापैकी कोणीही ते ऐकलेले नव्हते. एकीने तर हे डॉक्टर की वकील, असे विचारून सगळ्यांना हसविलेही. पारशी लोकांत धंद्यावरून आडनावे पडत असत, तसे हे आडनाव. कोणी पूर्वज वकिली करीत असेल, पुढे नातवंडे-पणतवंडे काहीही होवोत, आडनाव तेच राहिले. त्या दिवसापासून मी या माणसाविषयी मिळेल ते वाचीत गेले, जे कळेना ते मुलीकडून समजावून घेतले, आणि मनात आले की रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या आपण इतक्या जणी, आपल्याला या माणसाचे नावसुद्धा ठाऊक नसावे, हे बरे नव्हे.

रुस्तुम यांचा जन्म १७ जुलै १९११ रोजी मुंबईत एका पारशी कुटुंबात झाला. जाल हे त्यांच्या वडिलांचे नाव. वैद्यकीचे शिक्षण त्यांनी लंडनला घेतले. तेथे थेम्स नदीच्या काठी, पार्लमेंटच्या अगदी समोरच्या तीरावर सेंट थॉमस नावाचे शेकडो वर्षांचे जुने रुग्णालय आहे, त्यात ते शिकले आणि लंडन विद्यापीठाची एम. डी. पदवी मिळविली. त्या काळी विलायतेहून असे शिकून आलेल्या डॉक्टरला काय कमी होते? फोर्टात दवाखाना थाटून श्रीमंतांच्या नाड्या पाहिल्या असत्या तरी सात पिढ्यांची ददात मिटली असती. त्यांनी खासगी रोगी पाहिले नाहीत असे नाही, परंतु परत आल्यावर ते परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी जोडले गेले. हे रुग्णालय १९२६ साली उघडलेले, मुंबई महानगरपालिकेचे, आणि भोवताली सगळी गिरण्यांची वस्ती. आपल्या कोकणातली, घाटावरची, साताऱ्याकडची माणसे पोटासाठी तेथे जाऊन राहिलेली. त्यांच्या आजारपणात त्यांना के. ई. एम. हाच आधार होता.

आज छातीत दुखले की पट्टी काढतात, हृदयाची सोनोग्राफी करतात, मनगटातून नळी घालून आतल्या शिरांचा फोटो घेतात. त्या वेळी यातले फारच थोडे होते. हृदयाचा आलेख काढणारी यंत्रेही मोजकीच. डॉक्टरांचे भांडवल म्हणजे डोळे, हाताची बोटे आणि कानाला लावायची नळी. रोग्याच्या मानेतली शीर कशी उडते, पायावर बोट दाबले तर खळगा राहतो का, हृदयाच्या ठोक्यात कोठे फुरफुर ऐकू येते, यावरून आतला बिघाड ओळखायचा. डॉ. वकील या विद्येत निष्णात होते. पुढे त्यांनी डॉ. आस्पी गोलवाला यांच्यासमवेत रोग्याची तपासणी कशी करावी यावर एक पुस्तक लिहिले, ते डॉक्टर होणाऱ्या मुलांच्या कित्येक पिढ्यांनी वापरले.

आता रक्तदाब म्हणजे काय, ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगते. हृदय म्हणजे आपल्या मुठीएवढा मांसाचा पंप. मिनिटाला साधारण ७२ ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून अधिक वेळा तो आवळतो आणि सुटतो. आवळताना रक्त शिरांत जोराने ढकलले जाते, तो वरचा आकडा. सुटताना शिरांत जो दाब उरतो, तो खालचा. वरचा १२० आणि खालचा ८० असला म्हणजे ठीक. वारंवार मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९० व त्याच्या पुढेच राहू लागला, तर तो वाढलेला रक्तदाब. आमच्या घरचे चाकणला कारखान्यात प्रेसवर काम करतात. ते म्हणतात, यंत्राचा काटा तांबड्या रेघेच्या पुढे गेला तरी यंत्र त्या क्षणी काही बंद पडत नाही; ते चालूच राहते, माल निघतच राहतो, आणि एके दिवशी कोठली तरी नळी फुटते. माणसाचेही तसेच आहे. या दुखण्याचा मोठा कपटीपणा हाच की ते दुखत नाही. बाई स्वयंपाक करते, धुणे धुते, लग्नकार्यात पंगती वाढते, आणि आत शिरा कडक होत असतात, हृदयाची भिंत जाड होत असते, मूत्रपिंडे झिजत असतात. मग कोणाला अर्धांगवायू होतो, कोणाचे हृदय थकते आणि पायांवर सूज येऊन रात्री उशाला तीन उशा घेतल्याशिवाय झोप येत नाही.

डॉ. वकील यांच्या तरुणपणी या दुखण्यावर धड औषध नव्हते, ही गोष्ट आज खरी वाटत नाही. रोग्याला विश्रांती घ्यायला सांगत, मीठ बंद करीत, झोपेची औषधे देत. अमेरिकेत एका डॉक्टरांनी नुसता बिनमिठाचा भात आणि फळे यांवर रोग्यांना ठेवण्याचा प्रयोग चालविला होता. काहींच्या तर पाठीत चिरा देऊन मज्जातंतू कापीत. एवढे करूनही गुण येईलच असे नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब भयंकर वाढलेला होता. जगातल्या सगळ्यांत बलाढ्य देशाचा प्रमुख, वैद्यांची काय वाण असणार? तरीही १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. ज्या गोळ्या आज आपल्या महानगरपालिकेच्या दवाखान्यात भाजीवाल्या बाईला मिळतात, त्या तेव्हा त्यांना मिळू शकत नव्हत्या, कारण त्या जगातच नव्हत्या.

औषधाचा धागा सापडला तो आपल्याच देशातल्या एका मुळीत. सर्पगंधा नावाचे कमरेलाही न लागणारे झुडूप कोकणात, घाटाच्या सावलीत, बंगाल-बिहारकडे उगवते. मुळे नागमोडी, चव अतिशय कडू. आयुर्वेदात तिचा उल्लेख फार जुना आहे. सर्पदंशावर, झोप न येण्यावर आणि वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठी खेड्यापाड्यांतले वैद्य ती देत आले. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिले की या मुळीने रक्तदाबही उतरतो. त्याच सुमारास दिल्लीला सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतले निरनिराळे अर्क वेगळे काढले आणि एकाला आपले आश्रयदाते हकीम अजमल खान यांचे नाव दिले. कलकत्त्याचे कर्नल चोप्रा यांनीही प्राण्यांवर तिचे प्रयोग केले. म्हणजे मुळी डॉ. वकील यांनी शोधून काढली असे कोणी म्हणू नये, आणि त्यांनीही तसे श्रेय घेतले नाही. जे पूर्वीच्या वैद्यांचे, ते त्यांचेच.

मग डॉ. वकील यांनी काय केले? मला या चरित्रात सगळ्यांत मोलाची वाटली ती हीच गोष्ट, म्हणून जरा सविस्तर सांगते. त्यांनी मोजले. ऐकायला हे साधे वाटते. ज्यांच्या रक्तदाबाला मूत्रपिंडाचे वा दुसरे काही कारण सापडत नाही, असे ५० रोगी त्यांनी घेतले. सर्पगंधेच्या वाळलेल्या मुळीच्या, ठरावीक वजनाच्या गोळ्या त्यांना दिल्या. औषध सुरू करण्याआधी रक्तदाब किती होता, औषध चालू असताना किती झाला, औषध थांबविल्यावर काय झाले, हे आठवडेच्या आठवडे टिपून ठेवले. रक्तदाब हा चंचल असतो. दवाखान्यात पाऊल टाकताच चढतो, घटकाभर बसले की उतरतो. एकदाच मोजून गुण आला म्हणणे म्हणजे एका शितावरून भाताची परीक्षा करण्यासारखे नव्हे, कारण भाताची शिते सारखी असतात, रक्तदाबाची नसतात. त्यांनी पुन्हा पुन्हा मोजले. बहुतेकांचा रक्तदाब उतरला, कोणाचा थोडा, कोणाचा पुष्कळ. हा उतार एका दिवसात येत नव्हता, हळूहळू येत होता, हेही त्यांनी लिहिले.

हा सगळा हिशेब त्यांनी १९४९ साली विलायतेतील ब्रिटिश हार्ट जर्नल या मासिकात छापला. देश स्वतंत्र होऊन दोन वर्षे झालेली. आपल्याकडच्या मुळीविषयी बाहेरच्या जगाला सांगायचे, तर ती आमच्या बापजाद्यांची आहे एवढे पुरत नाही, आकडे दाखवावे लागतात. ते त्यांनी दाखविले.

येथे माझ्या घरातली एक हकीकत सांगितल्यावाचून राहवत नाही. माझ्या थोरल्या जाऊबाई चाकणच्या पलीकडे आमच्या मूळ गावी राहतात. कांद्याची शेती, दोन म्हशी, येणारे-जाणारे पुष्कळ. बाई हाडाची कष्टाळू. चार वर्षांमागे गावात तपासणी झाली तेव्हा त्यांचा रक्तदाब १७० आणि ११० निघाला. गोळी सुरू झाली, वर्षभर त्यांनी नेमाने घेतली, आकडे जाग्यावर आले. आकडे जाग्यावर आले म्हणून गोळी सुटली. मला तर काही होत नाही, मग कशाला रोज औषध, असे त्यांचे म्हणणे. त्यातच आठवडे बाजारात झाडपाला विकणाऱ्या एकाकडून त्यांनी एक पूड घेतली. ती सर्पगंधा आहे, एका महिन्यात रक्तदाब मुळापासून जाईल, असे त्याने सांगितले होते. ती पूड कशाची होती, हे देवच जाणे. चमचा किती, दिवसातून कितीदा, याचा काही नेम नाही. आठवेल तेव्हा पाण्याबरोबर घ्यायची. रक्तदाब मोजायला त्या गेल्याच नाहीत. सुगीच्या दिवसांत एका पहाटे भाऊजींनी हाक मारली तर यांना उत्तर देता येईना. तोंड एका बाजूला ओढलेले, उजवा हात गळालेला. तातडीने गाडी करून नेले, म्हणून प्राण वाचले. आता त्या काठी घेऊन चालतात, बोलणे जड आहे, पण समजते. भाकरी थापायला उजवा हात वळत नाही, याचे त्यांना फार लागते. म्हशी विकल्या.

मी जेव्हा डॉ. वकील यांचे काम वाचले, तेव्हा मला प्रथम जाऊबाई आठवल्या. नाव तेच, सर्पगंधा. एकीकडे परळला बसून वजन करून दिलेली गोळी आणि वहीत लिहिलेला आकडा. दुसरीकडे कागदाच्या पुडीतली पूड. आयुर्वेदाला मी नावे ठेवीत नाही, आमच्या घरी अजून सुंठेचा काढा होतो, हळदीचे दूध होते. जाणता वैद्यही मात्रा मोजूनच देतो. परंतु न मोजता घेतलेले औषध आणि न मोजलेला रक्तदाब यांच्यावर भरवसा ठेवून कोणी दिवस काढू नयेत, हे मला जीव तोडून सांगावेसे वाटते.

डॉ. वकील यांचा लेख सातासमुद्रांपलीकडे बोस्टन शहरात डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांच्या वाचनात आला. त्यांनी मुळीच्या गोळ्या हिंदुस्थानातून मागविल्या, आपल्या रोग्यांना देऊन पाहिल्या, आणि गुण येतो असे जाहीर केले. मग स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी १९५२ साली मुळीतले मुख्य द्रव्य वेगळे काढले. त्याला रेसर्पिन म्हणतात. चिमूटभर मुळीऐवजी आता मिलिग्रॅमच्या अंशात मोजता येईल अशी गोळी झाली. न्यूयॉर्ककडचे डॉ. नेथन क्लाइन यांनी तीच गोळी मनोरुग्णांना दिली, आणि वर्षानुवर्षे बांधून ठेवावी लागणारी कित्येक माणसे शांत होऊ लागली. खेड्यातला वैद्य वेडावर हीच मुळी देत होता, ते काही उगीच नव्हते!

१९५७ साली अमेरिकेतला लास्कर पुरस्कार डॉ. वकील यांना मिळाला. वैद्यकातला तो फार मोठा मान समजतात, आणि तो मिळविणारे ते पहिले भारतीय. पुढच्याच वर्षी भारत सरकारने पद्मभूषण दिले, आणि १९६५ साली शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले.

परंतु चरित्र लिहिताना चांगले तेवढेच लिहावे, या मताची मी नाही. रेसर्पिनचे दोषही हळूहळू कळून आले. कोणाचे नाक चोंदे, कोणाला सुस्ती येई, आणि काही जण तर विलक्षण खिन्न होत, जीव नकोसा वाटण्यापर्यंत मजल जाई. मात्रा जास्त झाली तर हे अधिक होई. पुढे नवनवी औषधे निघाली आणि आता रक्तदाबासाठी डॉक्टर प्रथम दुसऱ्याच गोळ्या देतात. म्हणून हा लेख वाचून कोणी सर्पगंधा शोधायला निघू नये. शिवाय मागणी इतकी वाढली की रानातली झुडपे उपटून उपटून ती दुर्मीळ झाली आहेत, आणि परदेशी व्यापारावर निर्बंध आले आहेत. मात्र रक्तदाब हा औषधाने वर्षानुवर्षे ताब्यात ठेवता येतो, असा भरवसा ज्या पहिल्या काही औषधांनी जगाला दिला, त्यांतले हे एक, यात शंका नाही.

त्या काळच्या रुग्णालयांत हृदयाचे आणखी एक दुखणे फार दिसे, आणि त्याचा आपल्या पिंपरीशी संबंध आहे, म्हणून तेही सांगते. लहान मुलाचा घसा सुजतो, ताप येतो. घरची माणसे मिठाच्या गुळण्या करायला लावतात, मूल बरे होते. दोन-तीन आठवड्यांनी गुडघे, घोटे, कोपरे एकामागून एक सुजतात. या सांधेतापाने सांधे तर बरे होतात, पण हृदयाच्या झडपांना तो डसून जातो. हृदयात चार झडपा असतात, दाराच्या फळीप्रमाणे रक्त एकाच दिशेने जाऊ देतात. त्या आकसल्या किंवा नीट मिटेनाशा झाल्या की रक्त तुंबते. दाटीच्या, ओलसर खोल्यांतून राहणाऱ्या गोरगरिबांच्या मुलांना हे दुखणे अधिक होई. मुलींचे तर ते कित्येकदा लग्न होऊन पहिले बाळंतपण जवळ आले म्हणजे उघडकीस येई, कारण पोटातल्या बाळाचा भार पडला की धाप लागे. बिचारीला सासरची माणसे कामचुकार म्हणत असतील, असे माझ्या मनात येते.

या दुखण्यावर पेनिसिलिन हा मोठा उपाय. घसा सुजला तेव्हाच ते पुरेसे दिले तर पुढचे टळते, आणि एकदा सांधेताप येऊन गेलेल्या मुलाला तीन-चार आठवड्यांनी एक इंजेक्शन अशी वर्षानुवर्षे देत राहिले तर झडपांचे अधिक नुकसान होत नाही. युद्धानंतर पेनिसिलिन बाहेरून आणावे लागे, महाग पडे. १९५४ साली आपल्या पिंपरीत मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला सरकारने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला, त्याला जागतिक आरोग्य संघटनेचे आणि युनिसेफचे साहाय्य होते, आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. आपण ज्याला नुसते एच. ए. म्हणतो, तोच हा. पुढे त्या कारखान्याचे वैभव ओसरले. परंतु पिंपरी म्हटले की लोकांना मोटारी आणि स्कूटर आठवतात, तेव्हा येथून देशभर पेनिसिलिन गेले हेही आपल्या मुलांना ठाऊक असावे. हा कारखाना आणि डॉ. वकील यांची गाठ कोठे पडली असे माझ्या वाचनात नाही, पण दोघांचे काम एकाच काळात, एकाच अवयवासाठी चालले होते.

डॉ. वकील यांचे आणखी एक काम आपल्या बायकांच्या फार उपयोगी आहे. हृदयविकाराचा झटका म्हणजे आकाशातून वीज कोसळावी तसा येतो, अशी आपली समजूत. हृदयाला स्वतःला रक्त पुरविणाऱ्या शिरा असतात. त्या आतून अरुंद झाल्या की चालताना, जिना चढताना छातीत आवळल्यासारखे होते आणि थांबले की बरे वाटते. हे एक. शीर अगदी बंद पडून हृदयाचा काही भाग निकामी होतो, तो झटका. हे दुसरे. डॉ. वकील यांनी या दोहोंच्या मधल्या अवस्थेकडे लक्ष वेधले. पूर्वी जिना चढल्यावर दुखे ते आता बसल्या जागी दुखू लागते, अधिक वेळ टिकते, दिवसातून अनेकदा येते. ही झटक्याची पूर्वसूचना असू शकते. अशा शेकडो रोग्यांचा त्यांनी मागोवा ठेवला, त्यांना विश्रांती आणि रक्त गोठू न देणारी औषधे दिली म्हणजे किती जणांचा झटका टळतो, हे पाहिले. १९६१ आणि १९६४ साली अमेरिकेतल्या मोठ्या मासिकांतून ते छापून आले. येथेही त्यांची रीत तीच, रोग्याकडे पुन्हा पुन्हा पाहणे आणि टिपून ठेवणे.

यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलेली एक गोष्ट जोडते. पुरुषांना सहसा छातीच्या मधोमध दाबल्यासारखे होते, डावा हात भरून येतो. बायकांनाही ते होतेच, परंतु कित्येकींना त्याऐवजी जबडा दुखतो, पाठीत खांद्यांच्या मध्ये दुखते, मळमळते, दरदरून घाम सुटतो, किंवा नुसतीच दम लागून गळाल्यासारखे वाटते. आपण म्हणतो पित्त झाले. खायचा सोडा घेतो, ओवा चावतो, आणि पोळ्या उरकल्यावर पडू थोडे, असे म्हणतो. घरात पुरुषाच्या छातीत दुखले तर सगळी आळी गोळा होते, बाईचे मात्र पित्त! अशा वेळी १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवावी, पोळ्या राहिल्या तर राहिल्या. पाळी जाईपर्यंत बाईला हृदयविकाराचे भय थोडे कमी असते, हे खरे. पण पुढे ते वाढते, आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांना आधीही ते असतेच. मशेरी लावणाऱ्या आपल्या भगिनींनी तंबाखू ही बायकांच्याही शिरा सोडीत नाही, हे लक्षात घ्यावे.

डॉ. वकील यांच्या स्वभावाविषयी थोडे अनुमान त्यांच्या पुस्तकांवरून बांधता येते. एवढ्या व्यापात त्यांनी वैद्यकाच्या इतिहासावर निबंध लिहिले, तेही सामान्य वाचकाला रस वाटावा असे. माणसांना बरे करण्याची ही विद्या कोठून कोठे आली, तिच्यात कोण कोण झिजले, याचे त्यांना कुतूहल होते. मला वाटते, म्हणूनच त्यांनी एका जुन्या मुळीकडे तुच्छतेने पाहिले नाही आणि भाबडेपणानेही पाहिले नाही. विलायतेत शिकून आलेला माणूस आपल्याकडच्या झाडपाल्याला हसला असता तर त्या काळी कोणाला नवल वाटले नसते.

त्यांच्या आयुष्यातले शेवटचे मोठे काम म्हणजे भारतीय डॉक्टरांसाठी भारतीय डॉक्टरांनीच लिहिलेला वैद्यकाचा ग्रंथ. तोवर आपली मुले विलायती पुस्तके वाचून डॉक्टर होत. त्यांत तिकडच्या हवेतले, तिकडच्या लोकांचे रोग. आपल्याकडचा हिवताप, क्षय, पटकी, सांधेतापाने बिघडलेली हृदये यांना त्यांत पुरेशी जागा नसे. असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया या डॉक्टरांच्या संस्थेने असा ग्रंथ करायचे ठरविले आणि त्याचे संपादन डॉ. वकील यांनी केले. देशभरच्या जाणत्या डॉक्टरांकडून लिहून घेणे, ते तपासणे, एका सुतात ओवणे, हे किती किचकट काम असेल, ते ही चाळीस पानांची स्मरणिका काढताना आपल्या समितीला जे पडते त्यावरून मी ताडते. १९६९ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यानंतर पाच वर्षांनी, १९७४ साली डॉ. वकील निवर्तले. त्यांचे वय ६३ होते. त्या ग्रंथाचे संपादक पुढे बदलत गेले, पाने वाढत गेली, नव्या नव्या आवृत्त्या निघत राहिल्या. आमच्या शेजारची मुलगी यंदा डॉक्टरीच्या शिक्षणाला आहे. तिच्या टेबलावर तो मी पाहिला. दोन्ही हातांनी उचलावा लागतो.